बिशपच्या डाव्या खांद्याचं पीस

मी एक जुनी माशी आहे, मित्रांनो. घोंघावणारी नव्हे. ट्राऊट माशाला फसवण्यासाठी गळावर पीस, लोकर आणि तार गुंडाळून जी खोटी माशी बांधतात, ती. ओरान सरोवराच्या धक्क्यावर होड्या ठेवायचं एक नावघर आहे. तिथल्या भिंतीवर, काचेच्या पेटीतल्या फळीवर, एका टाचणीला मी नऊ वर्षं लटकतो आहे. लटकतो म्हणतो, कारण आज माशी असलो तरी जन्माचा मी रानबदक, आणि तोही नर. माझ्या पायाशी पितळेची पट्टी आहे. तिच्यावर एका माणसाचं नाव कोरलेलं आहे.

माझी कहाणी ऐकून तुम्हांला माझी दया येईल. ती आली नाही तरी चालेल. मला दया नको आहे, एक डांबरगोळी हवी आहे. ती कशासाठी, ते शेवटी सांगतो.

माझा जन्म सरोवराच्या उत्तरेकडच्या लव्हाळ्यात झाला. आम्ही नऊ भावंडं होतो. दोघांना पाइक माशानं खाल्लं, एकाला कोल्ह्यानं नेलं. त्याबद्दल माझी कोणाकडे तक्रार नाही. पहिल्याच हिवाळ्यात धुक्यातून उडताना मी कुंपणाच्या तारेवर आदळलो आणि माझा डावा पंख मोडला. चिखलात पडलो होतो तिथून मला मार्टिन कॉइननं उचललं.

मार्टिन हा मासे पकडणारा माणूस. बोलणं कमी, हात मोठे. त्यानं गळाच्या रॉडला कड्या बांधायच्या रेशमी दोऱ्यानं माझा पंख आगकाडीच्या तुकड्यांवर बांधला आणि चुलीशेजारी पीट, म्हणजे जळणाची वाळकी माती, ठेवायच्या खोक्यात मला ठेवलं.

"घरात बदक," त्याची बायको बीना म्हणाली. "आता गाय कधी आणतोस?"

"गाईला खोकं पुरणार नाही."

"आणि हा घाण करेल ती कोण काढेल?"

"बघ ना, गळ्यात पांढरी पट्टी आहे. पाद्री आहे. पाद्री घाण करत नाहीत."

"पाद्री नव्हे, बिशप आहे," बीना म्हणाली. "पाद्र्याला चुलीशेजारी एवढी जागा मिळत नाही."

असं माझं नाव बिशप पडलं. सहा आठवडे मी त्या खोक्यात राहिलो. उकडलेल्या बटाट्याची सालं खाल्ली, ओट खाल्ले, बीनाच्या शिव्या खाल्ल्या. पंख जुळला. पण जखमेच्या जागी, डाव्या खांद्यावर, जी पिसं नव्यानं उगवली त्यांच्यामधून पांढरी रेघ गेलेली होती. माझ्या जातीच्या नरांची खांद्यावरची पिसं तपकिरी असतात, उन्हात सोनेरी दिसतात. पांढरी रेघ कोणाला नसते. मला होती. दर वर्षी पिसं झडली की नवी पिसंही तशीच रेघ घेऊन येत. आमच्या काठावरची सगळी माणसं मला त्या रेघेवरून लांबून ओळखत.

मी मोकळा झालो तरी दर सकाळी त्यांच्या दाराशी येत राहिलो. मी कोणाचा पाळीव नव्हतो. फक्त सकाळचा पाहुणा होतो.

बीना खिडकीपाशी बसून माश्या बांधत असे. टेबलाच्या कडेला छोटा शेगडा, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा चिमटा, आवळलेला, त्यात गळ, आणि तिच्या बोटांत मेण लावलेला दोरा. साऱ्या सरोवरावर तिच्यासारखी माशी बांधणारं दुसरं कोणी नव्हतं. शिकारी लोक हिवाळ्यात मारलेल्या बदकांचे पंख तिला आणून देत आणि वसंतात त्याच्याच माश्या घेऊन जात. तिच्या खोक्यांत माझे भाऊबंद होते, हे मला ठाऊक होतं. खिडकीच्या काचेतून मी ते पाहत असे. मला त्याचा राग नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे एक रीत आहे. सप्टेंबर ते जानेवारी हा शिकारीचा हंगाम. पक्षी उडत असेल तरच बंदूक उचलायची. आणि ज्या काठावर कोणी पक्ष्यांना चारा घालतं, त्या काठावर बंदूक न्यायचीच नाही. या रीतीत राहून मला कोणी मारलं असतं, तर मी मेलो असतो आणि गप्प बसलो असतो. हरलो तर हरलो, त्यात रडायचं काय.

दुसऱ्या वर्षी मार्टिन छातीच्या दुखण्यानं गेला. त्याला एक सवय होती. मोठा मासा मिळाला की ज्या माशीवर तो मिळाला, ती कापून तो नावघराच्या फळीवर टाचून ठेवत असे. म्हणून त्याच्या मित्रांनी त्याच्या नावानं एक करंडक सुरू केला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्च सुटल्यावर स्पर्धा, सगळ्यांत जड ट्राऊट आणणाऱ्याला मार्टिन कॉइन करंडक. नियम मार्टिनच्या सवयीवरून घेतले. जिंकणाऱ्यानं आपली माशी कापून टेबलावर ठेवायची, ती कोणी बांधली आणि पीस कुठलं हे सगळ्यांसमोर सांगायचं, आणि मग बीना स्वतःच्या हातानं ती माशी फळीवर लावणार. जो लागोपाठ तीन वर्षं जिंकेल, त्याला करंडक कायमचा घरी.

पहिली दोन वर्षं करंडक फेस्टी गिब्लिननं जिंकला.

फेस्टी गावात, टेकडीच्या पलीकडे राहतो. खतं आणि सायकली विकायचं त्याचं दुकान आहे. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. मासे पकडायला तो वाईट नाही, हे मला कबूल करावं लागतं. पण त्याची एक समजूत होती. आपल्याच बंदुकीनं मारलेल्या पक्ष्याच्या पिसाची माशी असेल तरच आपल्याला मोठा मासा लागतो, असं तो मानत असे. दोन्ही वर्षी त्यानं टेबलापाशी उभं राहून तेच सांगितलं होतं: "माशी बीनाची, पीस माझ्या बंदुकीचं." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला एकही बदक मिळालं नाही. जानेवारी संपला, हंगाम संपला, आणि फेस्टीच्या पिशवीत एक पीस नव्हतं.

एक फेब्रुवारी म्हणजे सेंट ब्रिजिडचा सण. बीना आणि तिचा शेजारी, होडीवाला कोलमन मॅनियन, दाराशी बसून लव्हाळ्याचे क्रूस विणत होते. मी कोलमनच्या हातातला एक लव्हाळा चोचीनं ओढून पळवला.

"बघ तुझा बिशप," कोलमन म्हणाला, "क्रूसच चोरतो."

"बिशपांनी याहून मोठ्या चोऱ्या केल्यात," बीना म्हणाली आणि मला तिच्या तळहातावरचे ओट दिले.

चार तारखेला म्हाताऱ्या शाळामास्तरांची मयत होती. आमच्याकडे मयतीला न जाणं म्हणजे त्या घराशी संबंधच तोडण्यासारखं. सगळं गाव चर्चमध्ये होतं. बीनानं जाण्यापूर्वी मला चारा घातला. पोट भरल्यावर मी गवतावरून रमतगमत पाण्याकडे चाललो होतो. माझी जोडीदारीण लव्हाळ्यात जागा शोधत होती. मी उडत नव्हतो. मी घाईतही नव्हतो. दगडी कुंपणामागून वीस पावलांवरून फेस्टीनं मला मारलं.

ते छर्रे कसे लागतात, हे मी तुम्हांला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो की माणूस जवळ आला तेव्हा मी अजून जिवंत होतो आणि मी त्याला पाहिलं. त्यानं मला पाहिलं नाही. त्यानं एक बदक पाहिलं. माझ्या खांद्यावरची रेघ, गळ्यातली पट्टी, काही त्याच्या लक्षात आलं नाही. मला मानेला धरून पिशवीत टाकलं आणि तो भिंतीच्या आडोशानं निघून गेला. माझी जोडीदारीण दोन दिवस त्या काठावर घिरट्या घालत होती. हे मला नंतर बीनाच्या बोलण्यातून कळलं.

त्या रविवारी गिब्लिनच्या घरी बदक शिजलं. ते मी होतो.

आठवड्यानं फेस्टी बीनाकडे आला. कागदी पिशवीत माझे दोन पंख, खांद्यासकट.

"बीना, अगं, करंडकासाठी माशी बांधून दे. डाळिंबी लोकर, सोनेरी तार, वर हे पंख. एकच दे, पण अशी दे की माशानं होडीत उडी मारून यावं."

बीनानं पिशवी उघडली. मित्रांनो, आता मी बदक नव्हतो. मी पिसं होतो. पण पिसांनाही दिसतं. तिची बोटं माझ्या डाव्या खांद्यावर आली आणि रेघेपाशी थांबली. ती रेघ तिनं चार हिवाळे रोज पाहिली होती. सात दिवस ती दारात उभी राहून मला हाका मारत होती.

"कुठं मिळाला?" तिनं विचारलं.

"पलीकडच्या बेटाजवळ. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, अगदी संध्याकाळी. सुसाट उडत होता, काय सांगू तुला. एका बारात आणला."

"मास्तरांच्या मयतीला दिसला नाहीस."

"पाठ भरली होती गं. पलंगावरून उठता येईना."

"आता बरी आहे?"

"आता बरी आहे."

"चहा घेशील?" बीना म्हणाली.

आणि तिनं त्याला चहा दिला. सोडा ब्रेडवर लोणी लावून दिलं. तो खात होता आणि मी टेबलावर पडून वाट पाहत होतो की आता ती चुलीतली सळई उचलेल. तिनं त्याला दुसरा कप ओतला.  वनरक्षकाला कळवणं सोपं होतं. तिनं कळवलं नाही. कोलमन आला तेव्हा त्यालाही ती काही बोलली नाही. पिशवी तिनं कपाटात ठेवून दिली.

माझा संताप किती झाला असेल, कल्पना करा. पण मग मी विचार केला, बीना हुशार आहे. ती माशी बांधेल, पण खोटी बांधेल. हे तुम्हांला समजावून सांगतो. माशीच्या पाठीवर पिसाच्या दोन पट्ट्या लागतात, एक डाव्या पंखाची, एक उजव्या पंखाची. दोन्ही एकाच पक्ष्याच्या असल्या आणि वळण जुळलं, तर माशी पाण्यात सरळ पोहते. दोन्ही डाव्याच बांधल्या तर ती पाण्यात गरगर फिरते, तंगुसाचा पीळ होतो आणि मासा जवळ फिरकत नाही. ज्यानं स्वतः कधी माशी बांधली नाही, त्याला ते कळणारही नाही. फेस्टीनं कधी बांधली नव्हती. मी मनात म्हटलं, बांध बीना, दोन्ही डाव्या बांध.

एप्रिलमध्ये एका सकाळी तिनं शेगड्यात गळ लावला. आधी गळाचं टोक दगडावर घासलं, नखावर टेकवून पाहिलं, पुन्हा घासलं. डाळिंबी लोकर दोऱ्यावर वळली, सोनेरी तार समान अंतरानं फिरवली. मग माझ्या डाव्या खांद्यातून, बरोबर रेघ असलेल्या जागेतून, तिनं एक पट्टी कापली. आणि मग उजव्या पंखातून दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या, वळण जुळवलं, दाबल्या, बांधल्या. डोक्याला तीन वेळा रोगण दिलं. मी पूर्ण झालो तेव्हा मलाच कळलं की तिनं आयुष्यात बांधलेली ही सगळ्यांत चांगली माशी आहे. पांढरी रेघ अगदी वर, उजेडात येईल अशी.

मला तिची शिसारी आली. जिनं मला हातानं भरवलं, तिनंच मला मारणाऱ्यासाठी इतका जीव ओतला. मार्टिनच्या नावाचा करंडक मार्टिनच्या बदकाला मारणाऱ्याच्या घरात कायमचा जाणार, आणि तो मी मिळवून द्यायचा. मी शपथ घेतली की कोणी सूड घेवो न घेवो, मी घेणार. एका गळाच्या हातात जेवढं असतं तेवढं तरी मी करणार होतो.

स्पर्धेच्या दिवशी वारा चांगला होता. आमच्याकडे एका होडीत दोन गळवाले आणि एक होडीवाला असतात. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. फेस्टीबरोबर शेजारच्या गावचा एक गरीब स्वभावाचा माणूस बसला होता, आणि वल्ही कोलमनच्या हातात होती. फेस्टीनं टोपीतून मला काढलं आणि तंगुसाला बांधलं. कोलमनची नजर माझ्यावर पडली. त्यानं वल्हं मारणं थांबवलं.

"माशी कोणी बांधली?"

"बीनानं. झकास आहे ना?"

"आणि पीस?"

"पीस माझ्या बंदुकीचं. दर वर्षीचंच आहे ते."

कोलमन माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिला की होडी वाऱ्यावर आडवी झाली. मला वाटलं, हा तरी त्याला वल्ह्यानं हाणेल. त्यानं पाण्यात थुंकून वल्ही उचलली आणि म्हणाला, "आज तुला मार्टिनच्या खडकापाशी नेतो, फेस्टी. तिथं कोणाला नेत नाही मी."

सगळेच फितूर, मला वाटलं.

मी माझ्यापरीनं सुरुवात केली. तिसऱ्याच फेकीला वाऱ्याचा झोत आला, मी उलटा फिरलो आणि फेस्टीच्या कानात घुसलो. पाळीत नव्हे, वरच्या कडक भागात, अगदी आरपार. बीनानं टोक घासून ठेवलं होतं, त्याचा उपयोग झाला. फेस्टी ओरडला. कोलमननं पक्कड काढली.

"हलू नकोस. बदकसुद्धा तुझ्यापेक्षा गुमान बसतं."

"हळू रे, हळू."

"हळूच काढतोय. पाठ कशी आहे तुझी?"

"पाठीचं काय मध्येच?"

"सहज विचारलं."

कोलमननं मला काढलं तेव्हा माझ्या तारेवर फेस्टीचं रक्त होतं. मला फार बरं वाटलं, मित्रांनो. लपवून काय करू. फेस्टीनं मला पाण्यात धुतलं आणि पुन्हा फेकलं.

दुपारी, मार्टिनच्या खडकाच्या आडोशाला, मोठा मासा वर आला. मी त्याला खालून येताना पाहिलं. तळातल्या दगडाच्या रंगाचा, रुंद, म्हातारा. मी वाकडा व्हायचा प्रयत्न केला. पण बीनानं दोन्ही बाजू अशा जुळवल्या होत्या की मला वाकडं पोहताच येईना. मासा तोंड उघडून आला आणि मला घेऊन खाली गेला. मी सुटायची धडपड केली. टोक इतकं तीक्ष्ण होतं की त्याच्या जबड्यात रुतलंच. वीस मिनिटांनी कोलमननं जाळी खाली घातली.

"साडेसहा पौंड," कोलमन म्हणाला. "करंडक तुझा, फेस्टी."

धक्क्यावर वजन झालं. दुसरा मासा जेमतेम चार पौंडांचा होता. नावघरात टेबलावर करंडक ठेवला होता, मागं साठ-सत्तर माणसं, हातात चहा आणि काहींच्या हातात काळी बिअर. बीना निळा कोट घालून टेबलामागे उभी होती. तिच्या हातात टाचणी होती.

फेस्टीनं मला कापून टेबलावर ठेवलं. कानाला रुमाल धरून तो नेहमीसारखा छाती काढून उभा राहिला.

"माशी बीनाची," तो म्हणाला, "आणि पीस माझ्या बंदुकीचं."

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत बीना थांबली.

"कधी मारलास, फेस्टी? सांग ना सगळ्यांना. छान गोष्ट आहे ती."

"जानेवारीच्या शेवटच्या दिवशी. बेटाजवळ, उडता. एका बारात."

"एकतीस तारखेला."

"एकतीसला. हंगामाच्या अगदी शेवटच्या संध्याकाळी."

बीनानं मला उचललं आणि टाचणी न लावता शेजारी उभ्या असलेल्या डीलिया प्रेंडरगास्टच्या तळहातावर ठेवलं. डीलिया आमच्या काठाची पोस्टवाली. तिनं चष्मा वर केला, मला खिडकीकडे धरलं. पांढरी रेघ उजेडात आली. तिनं मला पुढच्याच्या हातात दिलं. मी हातातून हातात फिरलो. मी जिथं जिथं पोचलो तिथं तिथं बोलणं बंद पडत गेलं. तेव्हा कुठं, मित्रांनो, माझ्या डोक्यात उजेड पडला. हरणाऱ्याची माशी कोणी पाहत नाही. या टेबलावर फक्त जिंकणाऱ्याची माशी येते.

"एक तारखेला," कोलमन म्हणाला, "ब्रिजिडच्या सणाला, या खांद्याच्या मालकानं माझ्या हातातला लव्हाळा ओढला होता."

"दोन तारखेला मी पत्र घेऊन गेले," डीलिया म्हणाली, "तर हा उंबऱ्यात बसलेला. मी म्हटलं, बिशपसाहेब, जरा वाट द्या. दिली नाही त्यांनी. पत्र खिडकीतून टाकलं मी."

"चार तारखेला सकाळी मी त्याला चारा घातला," बीना म्हणाली, "आणि मास्तरांच्या मयतीला गेले. परत आले तर नव्हता."

मागून कोणीतरी विचारलं, "फेस्टी, मयतीच्या दिवशी तुझी पाठ भरली होती ना रे?"

फेस्टीचा कान लाल होता, आता दुसराही झाला. तो म्हणाला की बदकं सगळी सारखीच दिसतात. मग त्याच्या लक्षात आलं की हेच ते बदक, हे आपण आपल्याच तोंडानं कबूल केलं. 

समितीचे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, की अशा परिस्थितीत करंडक द्यावा की नाही याचा विचार करावा लागेल.

"विचार कसला?" बीना म्हणाली. "नियम तो नियम. मासा त्यानंच धरला. तीन वर्षं लागोपाठ झाली." तिनं करंडक दोन्ही हातांनी उचलला आणि फेस्टीच्या छातीशी नेऊन धरला, तो धरेपर्यंत. "घे. घरी ठेव. चुलीवरच्या फळीवर ठेव, रोज दिसेल असा. मार्टिनचं नाव आहे त्याच्यावर. तुझ्या कानात गेला तो पंख मार्टिननं बांधला होता."

मग तिनं मला फळीवर लावलं. एकाच दाबात टाचणी आत. खाली पितळी पट्टी ठोकायला तिनं स्वतःच हातोडी घेतली: फेस्टस गिब्लिन, तिसरं वर्ष. फेस्टी करंडक कवटाळून गर्दीतून बाहेर गेला. त्याला वाट सगळ्यांनी दिली, जरा जास्तच रुंद दिली.

वनरक्षकानं त्याची बंदूक नेली, दंड केला, ते वेगळं. खरी गंमत पुढच्या मेमध्ये झाली. नव्या करंडकासाठी चिठ्ठ्या निघाल्या. फेस्टीबरोबर ज्याचं नाव आलं, त्यानं कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, "माफ कर फेस्टी, पाठ भरली आहे." पुन्हा चिठ्ठी काढली. त्याचीही पाठ भरली. अकरा माणसांच्या पाठी एका सकाळी भरल्या. होडीत दुसरा गळवाला नसेल तर स्पर्धेत उतरता येत नाही. फेस्टी धक्क्यावर रॉड धरून उभा राहिला आणि सगळ्या होड्या गेल्यावर घरी गेला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. आठ वर्षं ओरान सरोवराच्या काठी मे महिन्यात पाठीची साथ येत राहिली. मी भिंतीवरून सगळं पाहत होतो. आयुष्यात इतकं सुख मला बटाट्याच्या सालांनीही दिलं नव्हतं.

बीनाची मला शिसारी आली होती, त्याबद्दल मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. तिला ऐकू गेलं नसेल. ती सत्तरीची झाली, डोळे गेले, आता माश्या बांधत नाही. पण महिन्यातून एकदा येऊन माझी काच पुसते.

आणि आता जे घडलं ते सांगतो, म्हणजे मी हे बोलायला का बसलो ते कळेल.

या मेमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. फेस्टी नेहमीप्रमाणे आला होता. केस पांढरे झालेत, पोट उतरलंय. बंदूक त्यानं पुन्हा घेतली नाही. हिवाळ्यात तो बीनाच्या काठावर ओटचं पोतं ठेवून जातो, कोणाला न सांगता, पण सगळ्यांना माहीत आहे. करंडक त्यानं दोन वर्षांपूर्वी तिच्या खिडकीत आणून ठेवला आणि तिनं तो परत पाठवला नाही. चिठ्ठी निघाली, आणि ज्याचं नाव आलं त्यानं कमरेवर हात ठेवला. तेवढ्यात बीना काठी टेकत पुढं आली.

"माझी पाठ ठीक आहे," ती म्हणाली.

"बीना," कोलमन म्हणाला, "तुला गळ तरी दिसतो का?"

"मला मासे धरायचे नाहीत. मला होडीत बसायचं आहे. बस झालं आता."

आणि ती जाऊन फेस्टीच्या होडीत बसली. फेस्टीनं तिच्या गुडघ्यांवर घोंगडी घातली.  संध्याकाळी ते एकही मासा न घेता परत आले, आणि फेस्टी माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

"ही माशी नि माझं नाव काढता येईल का आता?" त्यानं बीनाला विचारलं.

"लावलं मी," बीना म्हणाली. "मार मात्र मला बसला नव्हता. काढायचं का, ते त्याला विचार."

त्यानं मान खाली घातली. विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मी तुम्हांला सांगतो. मी नाही म्हणालो असतो. तिनं माफ केलं, ते तिचं मोठेपण. तिचा एक पाहुणा गेला होता. छर्रे माझ्या अंगात शिरले होते, आणि पोट भरलेलं असताना गवतावरून चालत होतो तो मी होतो.

पण गेल्या उन्हाळ्यापासून पेटीची काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि मला कसर लागली आहे. डाळिंबी लोकर अर्धी गेली. उजवी पट्टी विरली. डावी अजून आहे, रेघेसकट. म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ओरान सरोवराच्या नावघरात आलं, तर त्या तडकलेल्या कोपऱ्यातून आत एक डांबरगोळी सारा. जुन्या वस्तूंची काळजी घ्यावी, असं तुम्हांला शाळेत शिकवतातच. फेस्टी आता बासष्ट वर्षांचा आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि त्याचे वडील नव्वदीला गेले होते. मला तेवढं टिकायचं आहे.